रंग खाली उतरताना दाखव

नागपूर,
२ डिसेंबर

प्रिय सुधाकर,
सप्रेम नमस्कार.

सातवीला अभिसरण, म्हणजे तापलेलं पाणी वर आणि गार पाणी खाली असं फिरणं, शिकवताना पोटॅशियम परमँगनेटच्या जांभळ्या खड्याचा प्रयोग दर वेळी नासतो, पाणी नुसतं जांभळं होऊन बसतं, असं तू लिहिलंस. बहुतेक तू भुकटी टाकत असशील. ती खाली पोचेपर्यंतच विरघळते. मोहरीएवढा एकच खडा घे, तोही चिमट्याने. बोटांना लागला की तपकिरी डाग पडतात आणि लवकर जात नाहीत.

५०० मिलिलिटरच्या चंचुपात्रात (बीकरमध्ये) ४०० मिलिलिटर पाणी भर आणि पाच मिनिटं त्याला हात लावू नकोस. ओतताना आलेला भोवरा थांबला नसेल तर रंग त्याच्यामागे फिरतो आणि आपण त्यालाच अभिसरण म्हणून मोकळे होतो. मग काचेची नळी तळाला, अगदी कडेशी टेकव आणि खडा तिच्यातून सोड. वरचं तोंड अंगठ्याने दाबून नळी हळूच उचल, म्हणजे आतलं रंगीत पाणी तिच्यासोबतच बाहेर येतं.

स्पिरिटच्या दिव्याची ज्योत लहान ठेव, बरोबर खड्याखाली. तिवईवर जाळी साधी तारेची हवी. मधे पांढरी चकती असलेली जाळी उष्णता सगळ्या तळाला पसरवते, मग पाणी चहूकडून उठतं आणि प्रवाह एकमेकांत मिसळतात. चंचुपात्र उष्णता सोसणाऱ्या बोरोसिलिकेट काचेचंच हवं, साधा ग्लास तडकतो. मागे पांढरा कागद लाव, पंखा बंद कर. सध्या सकाळी पाणी गार असतं आणि गार पाणी तापल्यावर कमी प्रसरण पावतं, म्हणून धार उठायला जरा वेळ लागेल. घाईने ज्योत मोठी करू नकोस, बुडबुडे आले की सगळं ढवळून निघतं. शेजारी तसाच खडा टाकलेलं दुसरं चंचुपात्र ठेव, पण दिव्याविना. त्यात रंग बराच वेळ तळालाच पडून राहतो.

जांभळी धार त्या कडेने वर चढेल, पृष्ठभागावर पसरेल, समोरच्या कडेने उतरेल आणि तळावरून परत ज्योतीकडे येईल. बघण्यासारखी एवढीच दोन-तीन मिनिटं, पुढे पाणी एकरंगी. पोरांचे डोळे चढणाऱ्या धारेवर असतात, तू त्यांना समोरची बाजू बघायला लाव. नाहीतर ‘उष्णता वर जाते’ हे वाक्य पाठ होऊन बसतं. वर जातं ते पाणी, तेही त्याच्या जागी गार, जड पाणी सरकतं म्हणून. फळ्यावर दोनच आकडे लिही: २० अंशांना एक लिटर पाण्याचं वस्तुमान ९९८ ग्रॅम, ६० अंशांना ९८३. फरक तीन छोटे चमचे पाण्याएवढा, आणि तेवढ्यावर अख्खं चक्र फिरतं.

ही खाली उतरणारी बाजू बर्फाने जास्त छान दिसते, शिवाय जाळाची गरज नसते. ट्रेच्या एका खणात निळ्या खाद्यरंगाचे दोन थेंब टाकून बर्फ जमव आणि तो खडा पाण्याच्या ग्लासात कडेने अलगद सोड. खडा तरंगतो, पण त्याच्यातून निळे दोरे सुटून सरळ तळाला जातात. ‘पण सर, बर्फ तर वरच रायते!’ असं कुणीतरी म्हणणारच, आणि प्रश्न खरा आहे. बर्फ पाण्यापेक्षा हलका, वितळून आलेलं गार पाणी मात्र ग्लासातल्या पाण्याहून जड. इथे फ्रिजचं पाणी घेऊ नकोस. ४ अंशांखाली पाणी पुन्हा प्रसरण पावतं, त्यामुळे शून्य अंशाचं आणि आठ अंशाचं पाणी जवळजवळ सारखंच जड असतं, आणि निळा रंग वरच रेंगाळतो.

घरी बघायला बादलीत पाणी तापवायचा विजेचा रॉड सांग, पण मोठ्यांनी स्विच बंद करून प्लग काढल्यावरच हात घालायचा, हे दोनदा बजाव. गुंडाळी अर्ध्या बादलीपर्यंतच पोचत असेल तर वरचं पाणी वाफाळतं आणि तळाचं गारच राहतं. बंबाला जाळ खालून का घालतात, हे दुसऱ्या दिवशी त्यांनाच विचार.

नळी आणि साधी जाळी मिळाली नाही तर कळव, इथून पाठवतो. वहिनींना नमस्कार.

तुझा,
प्रभाकर