‘कायमची सुटका’ कशाच्या आधारावर?

‘हाताच्या उपचाराने कंबरदुखीतून कायमची सुटका’ हा आपल्या रविवार पुरवणीतील लेख वाचला. ऑस्टिओपॅथी या हाडे, सांधे व स्नायूंवर हातांनी उपचार करण्याच्या पद्धतीतील ‘मसल एनर्जी’ तंत्राची ओळख लेखकाने चांगली करून दिली आहे. हरकत आहे ती मथळ्यातल्या दाव्याला. या तंत्रात रुग्ण उपचारकाच्या हाताविरुद्ध काही सेकंद हलका जोर लावतो, मग अंग सैल सोडतो आणि उपचारक तो स्नायू आणखी थोडा ताणतो. आखडलेले अंग त्याने तेवढ्यापुरते मोकळे वाटू शकते, एवढे मान्य. पण उपचारांवरचे संशोधन एकत्र तपासणाऱ्या ‘कॉक्रेन’ या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या २०१५ च्या आढाव्यात या तंत्राच्या कंबरदुखीवरील १२ चाचण्या तपासल्या गेल्या. त्यांतले रुग्ण सगळे मिळून जेमतेम ५००, बहुतेक चाचण्या लहान आणि सदोष. तंत्र गुणकारी असल्याचा भरवशाचा पुरावा त्यांतून मिळाला नाही.

आमच्या रावेर-यावल पट्ट्यात केळीचे घड वाहून ट्रक भरणारे मजूर आणि दिवसभर वाकून कापूस वेचणाऱ्या महिला असे मथळे वाचून रोज बुडवतील, वर फीही भरतील. (दुसऱ्या दिवशी घड तोच आणि खांदाही तोच!) पाय बधिर होणे, पायातली ताकद कमी होणे, लघवीवरचा ताबा सुटणे अशी लक्षणे असतील तर मालिश-ताणाच्या वाटेला न जाता तातडीने रुग्णालय गाठावे, ही सूचना लेखात एका ओळीनेही नाही. पुढच्या पुरवणीत तेवढी चौकट ठळकपणे छापावी, ही विनंती.

– एक वाचक, रावेर (जि. जळगाव)