डाव्या हाताच्या कोयत्यासाठी

काका, सप्रेम नमस्कार.

तुमच्या लोहारकामाच्या भट्टीवर मी माझा कोयता न्यायला आले त्या दिवशी तुम्ही फक्त कोळशाचे पैसे घेतलेत. बाकीचे दिले तर हात मागे घेतलात. मला तोंडावर काही बोलता आलं नाही, म्हणून इथे सगळ्यांसमोर लिहिते आहे. तुमचा पुतण्या तुम्हाला वाचून दाखवेल.

मी डावखुरी. लग्न होऊन या घरात आले तेव्हा सासूबाईंनी हातात दिलेला कोयता उजव्या हाताचा होता. बांबू सोलायच्या कोयत्याला उतार एकाच बाजूला असतो, दुसरी बाजू सपाट. तो डाव्या हातात धरला की पातं एक तर बांबूत खोल शिरतं, नाही तर सालीवरून घसरून बाहेर पळतं. आठ वर्षं मी हात वाकडा करून काम केलं. उजव्या अंगठ्याच्या बुडाशी पाच टाक्यांची खूण आहे, ती त्याच कोयत्याची. बाजारातून नवा घेतला, तोही उजवाच. वर त्याची धार पहिल्याच महिन्यात तुटली. सगळे म्हणायचे, हात बदल, सवय होईल.

तुम्ही एकट्याने विचारलं, "तुले कोणत्या हातानं जमते?" मी डावा हात पुढे केला. तुम्ही म्हणालात, "मंग पातं बदलू. हात कायले बदलाचा?" काका, ते वाक्य ऐकून मी घरी जाईपर्यंत रडत होते.

ट्रकच्या कमानीचा, म्हणजे चाकांवरच्या स्प्रिंगचा, पाटा मी भंगारातून निवडून आणला होता. तुम्ही तो दोरीला टांगला, हातोडीने टिचकी मारली आणि आवाज ऐकून बाजूला ठेवलात. आत बारीक तडा होता, मला तो दिसलाही नव्हता. दुसरा पाटा घंटेसारखा वाजला. त्याचंच पातं झालं.

आता माझ्या चुकीबद्दल. भट्टीचा पंखा तुम्ही मला फिरवायला दिला होता. मी उत्साहात जोरजोरात फिरवला आणि टोकातून फुलबाजीसारख्या ठिणग्या उडाल्या. पोलाद जळालं होतं. जळालेलं पोलाद पुन्हा सुधारत नाही, ते कापूनच टाकावं लागतं. तुम्ही छिन्नीने इंचभर टोक तोडलंत आणि "बारा इंचाचं अकरा झालं, तुले अकराच पाह्यजे होतं," एवढंच बोललात. मग पंखा पुन्हा माझ्याच हातात दिलात. त्या दिवशी पंखा काढून घेतला असता तर मी परत आले नसते.

पाणी द्यायला, म्हणजे पातं तापवून कडक करायला, तुम्ही दिवस मावळायची वाट पाहिलीत. उजेडात तापल्या लोखंडाचा रंग फसवतो, हे तेव्हा कळलं. त्याआधी पातं तीनदा लाल करून नुसतं हवेत थंड केलं होतं, घण बसून आत साठलेला ताण निघावा म्हणून. जुन्या स्पीकरचं चुंबक पात्याला चिकटेनासं झालं की आणखी थोडं तापवायचं आणि मग कोमट तेलात सरळ खाली सोडायचं. "पाणी देणं" म्हणतात, पण पाण्यात बुडवलं तर हे पोलाद तडकतं. तेलातून काढल्यावर कडक झालेल्या धारेवरून कानस नुसती घसरली, तेव्हा तुम्ही पहिल्यांदा हसलात.

त्यानंतरची अर्धी घटका मी आयुष्यभर विसरणार नाही. एक बाजू घासून चकचकीत केली, पात्याची पाठ तापल्या लोखंडी ठोकळ्यावर टेकवली, आणि पाठीकडून रंग चालत निघाले. आधी फिका पिवळा, मग तपकिरी, जांभळा, निळा. पाठ निळी झाली तेव्हा धारेवर नुकताच तणशीचा रंग आला होता, आणि तेवढ्यात तुम्ही पातं उचललंत. पाठ लवचीक राहिली, धार कडक राहिली. घड्याळ नाही, थर्मामीटर नाही. हे डोळ्यांना किती वर्षांनी येतं, काका?

मूठ धावड्याची. कुऱ्हाडीचा दांडा ज्या लाकडाचा, तेच. माझ्या डाव्या मुठीत ओला चिखल दाबून घेतलात, तो वाळवलात आणि त्या ठशावरून लाकूड घासलंत. पितळेच्या तीन खिळ्या, वरून जवसाच्या तेलाचे हात. आजही अंधारात हात घातला तरी बोटं आपापल्या जागी बसतात.

म्यानासाठी तुम्ही स्वतः मला सायकलवरून बाजारातल्या चपलावाल्या मामांकडे नेलंत. त्यांचेही आभार इथेच मानते. बाभळीच्या सालीत कमावलेलं म्हशीचं जाड चामडं त्यांनी भिजवून, प्लॅस्टिकात गुंडाळलेल्या पात्यावर दाबून सावलीत वाळवलं. दोन थरांच्या मध्ये आणखी एक पट्टी घातली, म्हणजे धार टाक्यांना लागत नाही. दोन सुयांनी, मेणाच्या दोऱ्याने, एकेका भोकातून दोन्हीकडून शिवलं. टोकाला पाणी निथळायला छिद्र ठेवलं. पट्टा डाव्या कमरेला. रात्री कोयता म्यानात ठेवू नको, चामडं ओल धरतं आणि पात्याला गंज चढतो, असं त्यांनी बजावलं होतं. मी रोज बाहेर काढून, तेलाचा बोळा फिरवून खुंटीला टांगते.

रस्त्याने नेताना मला धास्ती वाटायची. नऊ इंचांहून लांब पात्याला परवाना लागतो, पण शेतीच्या आणि घरकामाच्या अवजारांना त्यातून सूट आहे, हे तुमच्याकडूनच कळलं. तरी तुम्ही सांगितल्याप्रमाणे पोत्यात गुंडाळूनच नेते.

दिवाळीनंतर गावाबरोबर रानात गेले. २००६ च्या वनहक्क कायद्याने आणि २०११ मध्ये गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावाच्या ग्रामसभेच्या हाती आलेल्या वाहतूक पासाने, म्हणजे बांबू रानाबाहेर नेण्याच्या परवान्याने, जी वाट उघडली, तिच्यामुळेच आज आमच्यासारखी गावं बांबू हक्काने तोडतात. आमच्या रानातला मानवेल जातीचा बांबू भरीव असतो आणि त्याची साल धार खाऊन टाकते. यंदा दुपारपर्यंत मला दगड काढावा लागला नाही. यंदाचे कोवळे वासे सोडून, जुने तेवढे, जमिनीलगतच्या पेराच्या वर तोडले. घरी येऊन सोलायला बसले तर साल एकसारखी निघत गेली. सासूबाई बराच वेळ बघत होत्या. मग म्हणाल्या, "माह्या हातातही असा कधी चालला नाही."

तुमच्या भट्टीजवळच्या फाटक्या घमेल्यातून कोळसा सांडतो, ते मी पाहिलं होतं. त्यासाठी एक डालं विणलं आहे, बूड दुहेरी, काठ जाड. बुधवारच्या बाजाराला येते तेव्हा घेऊन येईन. पैसे काढू नका.

तुमची,
डावखुरी पोरगी