डॅशबोर्डवरचा ४५ आणि पहाटेचा २७

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या आठवड्यात ऊन अचानक भडकलं, तेव्हा आपल्या अंकात एका चारचाकीच्या डॅशबोर्डचा फोटो होता. आकडा ४५, खाली ओळ ‘कोल्हापूर तापले’. गाडी दसरा चौकाच्या सिग्नलला उभी होती, ते काचेतून दिसतच होतं. भर दुपारी तापलेल्या डांबरावर, पुढच्या बसच्या धुराड्यामागं थांबलेल्या गाडीनं दुसरं काय दाखवायचं? गाडीचा सेन्सर पुढच्या बंपरपाशी असतो. गाडी थांबली की तो रस्त्याची आणि इंजिनाची धग मोजतो. तीच गाडी पंचगंगेचा पूल ओलांडून हायवेला सुटली असती, तर थोड्या वेळात आकडा खाली आला असता. पण मग फोटो कोण छापणार!

मी उद्यमनगरात आणि नंतर शिरोलीला फौंड्रीच्या भट्टीवर आयुष्य काढलं. बिडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा, वितळलेला रस चौदाशे अंशांच्या घरात असतो. ओतण्याआधी थर्मोकपल, म्हणजे भट्टीचं तापमान मोजायची तार, बुडवून बघायचा. रस निवलेला असेल तर साचा पुरता भरत नाही, जादा तापला तर आत पोकळ्या राहतात. दोन्हीकडून माल रिजेक्ट. त्यामुळं तापमानाचा आकडा कानावर आला की माझ्या तोंडून पहिला प्रश्न निघतो : कशानं मोजलं आणि कुठं?

निवृत्तीनंतरही ती खोड गेली नाही. आम्ही काही हौशी माणसं रोजचं कमाल-किमान तापमान लिहून ठेवतो आणि संध्याकाळी एकमेकांना कळवतो. शाहूपुरीतले गुळाचे एक अडते आहेत, कागलच्या एक नर्सबाई आहेत, शिरोळकडचा एक ऊसवाला, गगनबावडा रस्त्याला रोपवाटिका चालवणारं एक जोडपं, आणि राजारामपुरीतला कॉलेजचा एक पोरगा. पोराच्या गच्चीवर ऑटोमॅटिक यंत्र आहे आणि आम्ही सगळे म्हातारे झालोय असं त्याचं ठाम मत आहे. अडत्यांचा थर्मामीटर पश्चिमेच्या भिंतीला टांगलेला असतो, त्यामुळं उन्हाळ्यात रोज तेच जिंकतात. त्यांचा आकडा आम्ही वहीत घेत नाही, हे त्यांनाही माहीत आहे.

माझी पेटी जुन्या वाड्याच्या खिडकीच्या झडपांची आहे. पांढरा रंग आणि चारी बाजूंना तिरक्या पट्ट्या, म्हणजे वारा आत जातो, ऊन जात नाही. जमिनीपासून चार फुटांवर, दार उत्तरेला, म्हणजे वाचायला दार उघडलं तरी सूर्य आत डोकावत नाही. वेधशाळेतली पेटी याच धर्तीची असते. एकोणिसाव्या शतकात थॉमस स्टीव्हन्सन नावाच्या, दीपगृहं बांधणाऱ्या स्कॉटिश इंजिनिअरनं ती तयार केली. आत एक कोरडा थर्मामीटर आणि एक ओला. ओल्याच्या गोळ्याला मलमलीची चिंधी गुंडाळलेली, तिचं टोक पाण्याच्या बाटलीत. चिंधीतलं पाणी उडतं तसा तो थंड होतो. हवा कोरडी असेल तर दोघांतला फरक वाढतो, दमट असेल तर घटतो. पाणी नळाचं घातलं की चिंधीवर क्षार चढतात आणि ओला थर्मामीटर उगाचच वर राहतो. म्हणून मी बॅटरीच्या दुकानातून डिस्टिल्ड वॉटर आणतो आणि चिंधी काळवंडायच्या आत बदलतो. घरचे याला ‘बाबांचा देव्हारा’ म्हणतात. म्हणू देत.

तर तुमच्या फोटोच्या दिवशी या पेटीतलं कमाल ४०.५ होतं. साडेचार अंशांनी कमी. ‘एवढंच ना!’ म्हणून कुणी सुस्कारा सोडू नये, कारण त्या दिवसांतली खरी बातमी दुपारची नव्हतीच.

आपल्याकडचा उन्हाळा दुपारी भाजतो आणि संध्याकाळी सोडून देतो. दिवस कलला की घाटाकडून पश्चिमेचा वारा येतो आणि रंकाळ्यावर माणसं बाहेर पडतात. गेल्या आठवड्यात तो वारा आलाच नाही. दिवसभर सोलापूर-विजापूरकडची कोरडी झळ वाहत होती आणि संध्याकाळी तीही थांबली. रोपवाटिकेतल्या वहिनींनी रात्री कळवलं, ‘आज पान हललं नाही.’ घाटाच्या तोंडाशी राहणाऱ्यांनी असं म्हटल्यावर मी गच्चीवरचं अंथरूण खाली आणलं. पहाटे किमान २७ च्या खाली उतरलं नव्हतं. एरवी या दिवसांत ते २२-२३ असतं.

माणसाचं अंग रात्री निवतं. रात्र निवली नाही तर दुसऱ्या दिवसाचं ऊन आदल्या दिवसाच्या उन्हावर चढतं. स्लॅबच्या घरात तर दिवसभर प्यालेली ऊब रात्री छत परत सोडतं, आणि पत्र्याच्या खोल्यांत राहणाऱ्यांबद्दल काय बोलायचं! हवामान विभाग ‘उष्ण रात्र’ अशी वेगळी नोंद करतो. कमाल तापमान ४० किंवा वर असताना किमान तापमान सरासरीपेक्षा निदान ४.५ अंशांनी वर राहिलं की ती उष्ण रात्र. आपल्या अंकात मात्र किमानाचा आकडा आतल्या पानावर, तोही जागा उरली तर.

‘लाट’ हा शब्दही जपून वापरावा. सपाट प्रदेशात कमाल निदान ४० आणि सरासरीपेक्षा निदान ४.५ अंशांनी वर, तेही उपविभागातल्या (हवामान विभागानं पाडलेल्या मोठ्या पट्ट्यातल्या) निदान दोन केंद्रांवर, सलग दोन दिवस, तेव्हा हवामान विभाग उष्णतेची लाट जाहीर करतो. आपला उपविभाग मध्य महाराष्ट्र. त्यात जळगाव, सोलापूर, महाबळेश्वर आणि आपण, सगळे एकाच पंगतीत! त्यामुळं उपविभागाला इशारा आला म्हणजे कोल्हापुरात जळगावएवढं ऊन पडलं असं होत नाही. उलट, चाळीस गाठले नाहीत म्हणजे धोका नाही, असंही नाही. १६ एप्रिल २०२३ ला खारघरच्या मैदानात उष्माघातानं चौदा माणसं गेली, तेव्हा नवी मुंबईचा पारा ३८ च्या आसपास होता. दमट हवेत घाम वाळत नाही आणि अंग निवत नाही. शिरोळच्या ऊसवाल्याच्या रानात, पाणी दिलेल्या उसाच्या कडेला, कोरड्या थर्मामीटरवर माझ्यापेक्षा कमी दिसतं. पण ओला वर असतो आणि भांगलणीच्या बायका तिथंच आधी दमतात.

अचानक येणाऱ्या उन्हाचं आणखी एक आहे. भट्टीवर नवा पोरगा आला की त्याला पहिल्याच दिवशी पूर्ण पाळी उभं करत नाहीत. अंगाला उष्णता सोसायची सवय व्हायला आठवडा-दोन आठवडे लागतात. आदल्या आठवड्यात ३५-३६ ची सवय असलेल्या माणसाला एकदम ४० मिळालं, तर ते मे अखेरच्या ४० पेक्षा वाईट. जोतिबाच्या चैत्र यात्रेला सासनकाठी (देवाची उंच काठी) खांद्यावर घेऊन अनवाणी चढणाऱ्यांना ‘पारा किती’ एवढ्यानं भागत नाही. कालच्यापेक्षा किती चढलाय तेही कळायला हवं.

मोबाईलवरचा आकडा कुणी तुमच्या परिसरात मोजलेला असतोच असं नाही. बहुतेक वेळा तो गणितानं काढलेला अंदाज असतो, आणि त्याच्या खालचा ‘जाणवणारा’ आकडा तर हवेचं तापमानच नव्हे. तोही आपण एकदा मथळ्यात घेतला होता. यंत्रं सरकारी असली तरी चुकतात. दिल्लीत मुंगेशपूरच्या स्वयंचलित केंद्रानं २९ मे २०२४ ला ५२.९ दाखवलं आणि देशभर बोभाटा झाला. विभागानं जाऊन तपासलं तर सेन्सर तीन अंश जास्त दाखवत होता, आणि तसं त्यांनी जाहीरही केलं. ती दुसरी बातमी किती जणांनी वाचली?

वळवाची एक सर येऊन गेली की हा विषय आपल्याकडं पुढच्या वर्षीपर्यंत संपतो, म्हणून आत्ताच लिहितोय. पहिल्या पानावर कमाल छापाल तेव्हा शेजारी तेवढ्याच टाईपात किमान छापा. सोबत सकाळ-संध्याकाळची आर्द्रता, आणि आकडा कुठल्या केंद्राचा ते. आमच्यासारख्या हौशी माणसांचे आकडे हवे असतील तर आनंदानं देऊ, पण ते ‘हौशी नोंद’ म्हणूनच छापावेत, वेधशाळेच्या रकान्यात मिसळू नयेत.

आणि वाचकांपैकी कुणाच्या घरी थर्मामीटर असेल तर रविवारी सकाळी रंकाळ्याच्या पदपथ उद्यानात घेऊन या. कुटलेल्या बर्फात थोडं पाणी घालून त्यात थर्मामीटर बुडवला की शून्य दाखवायला हवं. किती चुकतो ते चिठ्ठीवर लिहून मागं चिकटवून देऊ. बर्फ आम्ही आणतो. अडतेही त्यांचा घेऊन येणार आहेत.

आपला,
एक निवृत्त फौंड्री कामगार,
मंगळवार पेठ, कोल्हापूर