तापाचा तिसरा दिवस

फोंडा

चि. ओंकारास अनेक आशीर्वाद.

तुझ्या रूमवरच्या मित्राच्या रिपोर्टचा फोटो पाहिला. एनएस-१ निगेटिव्ह, आयजीएम निगेटिव्ह, आयजीजी पॉझिटिव्ह. म्हणजे डेंग्यू नाही, असा अर्थ तुम्ही पोरांनी लावलात आणि तो उद्या वर्गात जायचं म्हणतोय. त्याला थांबव. रक्त दिलं तेव्हा तापाचा तिसराच दिवस होता, आणि दिवस धरल्याशिवाय या तीन ओळी वाचता येत नाहीत.

एनएस-१ हे अँटिजेन, म्हणजे विषाणूचाच माल. पेशीत वाढताना विषाणू हे प्रथिन रक्तात सोडतो, म्हणून ते पहिल्या दिवसापासून सापडतं आणि पाचव्या दिवसानंतर कमी होत जातं. आयजीएम आणि आयजीजी या मात्र आपल्या शरीराच्या अँटिबॉडी, आणि त्या घडवायला वेळ लागतो. अँटिबॉडी बनवतात त्या रक्तातल्या बी-पेशी. प्रत्येक बी-पेशीच्या अंगावर वेगळ्या साच्याची अँटिबॉडी असते. हा विषाणू ज्यांच्या साच्यात बसेल अशा पेशी मोजक्याच. त्यांची गाठ काखेतल्या-जांघेतल्या लसिकाग्रंथींत पडायची, मदतनीस टी-पेशींचा होकार मिळायचा, मग एकीच्या दोन, दोनाच्या चार होत फौज उभी राहायची. यात चार-पाच दिवस जातात. म्हणून पहिल्यांदाच डेंग्यू झालेल्यात आयजीएम पाचव्या दिवसाच्या आसपास दिसू लागतं आणि दोन-तीन महिन्यांत ओसरतं. आयजीजी त्याच्या मागून, आठवडा उलटल्यावर येतं, पण वर्षानुवर्षं टिकतं. सरकारी तपासणीही यावरच बेतलेली आहे: पाचव्या दिवसापर्यंत एनएस-१ एलायझा, पुढे आयजीएम एलायझा. एलायझा म्हणजे प्रयोगशाळेत करायची तपासणी.

मग तिसऱ्याच दिवशी आयजीजी कुठून आलं? एक तर पूर्वी डेंग्यू होऊन गेलाय आणि आताचा ताप वेगळाच आहे. नाहीतर आताचा ताप म्हणजे दुसऱ्या खेपेचा डेंग्यू. पहिल्या खेपेच्या स्मृतिपेशी तयारच असतात, त्यामुळे दुसऱ्यांदा आयजीजी दोन-तीन दिवसांत उसळतं आणि आयजीएम कमी राहतं, कधी दिसतही नाही. खरी गोम पुढे आहे. हेच आयजीजी एनएस-१ला चिकटून बसतं आणि झटपट तपासणीच्या कार्डाला ते धरायला जागाच उरत नाही. एनएस-१ रक्तात असूनही रेषा येत नाही.

कार्डात काय होतं ते बघ. सीरमचे थेंब पट्टीवर सरकत जातात. वाटेत सोन्याचे अतिसूक्ष्म कण लावलेल्या अँटिबॉडी भेटतात. रेषेचा लालसर रंग त्या सोन्याचा. एनएस-१ एका बाजूने त्यांना धरतं, दुसऱ्या बाजूने टी (टेस्ट) रेषेवरच्या अँटिबॉडीत अडकतं, चिमट्यात सापडल्यासारखं. सी (कंट्रोल) रेषा, म्हणजे कार्ड नीट चाललं याची खूण, उमटली नाही तर कार्डच बाद. १५-२० मिनिटांत वाचायचं. वेळेत आलेली फिकट रेषाही पॉझिटिव्हच, पण तासाभराने उमटलेली धरू नये. पट्टी वाळताना तशी येते.

मित्र वाळपईकडचा, म्हणून आणखी एक विचार. तिकडे सत्तरी तालुक्यात २०१५पासून काजूच्या हंगामात माकडतापाचे रुग्ण सापडताहेत. तो विषाणू डेंग्यूच्याच कुळातला, त्यामुळे अँटिबॉडीची कधीकधी गल्लत होते. मागे तसा ताप आला होता का, हे त्याने डॉक्टरांना सांगावं.

दुसऱ्या खेपेला मी एवढं का धरून बसले? डेंग्यूचे चार प्रकार आहेत. एकाविरुद्धच्या अँटिबॉडी दुसऱ्याला चिकटतात, पण त्याला निकामी करू शकत नाहीत. उलट अँटिबॉडीची शेपटी धरून भक्षक पेशी विषाणूला आत ओढून घेतात, आणि तिथेच तो वाढतो. चोर पकडला, पण बेड्या न घालताच घरात आणून बसवला, तसं. म्हणून दुसरी खेप जास्त जोखमीची.

तेव्हा सहाव्या दिवशी आयजीएम एलायझा पुन्हा करून घ्या. प्लेटलेट आणि हिमॅटोक्रिट (रक्तातल्या लाल पेशींचं प्रमाण) रोज तपासा. हिमॅटोक्रिट आधीच्या आकड्यापेक्षा २० टक्क्यांनी चढला तर रक्तातलं पाणी नसांबाहेर पाझरतंय असं समजा. नुसत्या प्लेटलेटच्या आकड्यावर सगळे डोळे लावून बसतात ते मला पटत नाही. ताप उतरला की तुम्ही सुटकेचा श्वास टाकाल, पण पुढचे दोन दिवसच सांभाळायचे. पोटात जोराची कळ, थांबत नसलेली उलटी, हिरड्यांतून रक्त, सुस्ती, यातलं काहीही दिसलं तर रात्र असो वा पहाट, बांबोळीच्या सरकारी इस्पितळात न्या. तापाला फक्त पॅरासिटामॉल, डॉक्टर सांगतील तेवढंच. अ‍ॅस्पिरिन, आयब्युप्रोफेन अजिबात नको, रक्तस्राव वाढतो. पेज, शहाळं, मिठाचं ताक चालू ठेवा.

त्याला दिवसाही मच्छरदाणीत झोपव. डेंग्यूचा डास दिवसा चावतो आणि आता मित्राच्या रक्तात विषाणू असू शकतो. त्याला चावलेला डास आठ-दहा दिवसांनी तुम्हालाही ताप देईल. हॉस्टेलच्या मागे टाकलेल्या करवंट्या आजच उपड्या करा.

आणि ताप नेमका कुठल्या तारखेला, किती वाजता चढला ते कागदावर लिहून रिपोर्टला टाचून ठेव. डॉक्टर पहिलं तेच विचारतील.

तुझी
आई