सिस्टर, त्या दोन घागरी पाण्याबद्दल

आदरणीय सिस्टर,
सप्रेम नमस्कार.

मे महिन्यात तुम्ही आमच्या गल्लीत बाळांना डोस द्यायला आला होतात आणि इकडे आमच्या चुलीवर कुरडयांचा चीक रटरटत होता. हाटता हाटता चिकाचा गोळा उसळला आणि माझ्या डाव्या हातावर बसला. चीक पाण्यासारखा ओघळून जात नाही. चिकटतो आणि आत आत भाजत राहतो. कुणी टूथपेस्ट आणली, कुणी शाई. तुम्ही आलात ते थेट टिपाडाकडे बोट दाखवत, "पाणी ओता. २० मिनिटं!"

आमच्याकडे आठ दिवसांनी टँकर येतो. सासूबाईंचा तेव्हाचा चेहरा मला अजून दिसतो. तुम्ही हाताखाली घमेलं सरकवलंत, "हे वासराला पाजा" म्हणालात आणि स्वतः तांब्याने ओतत बसलात. बर्फ आणायला पळालेल्या पुतण्याला माघारी बोलावलंत. हात सुजल्यावर काच रुतेल म्हणून बांगड्या उतरवल्यात, ज्या निघेनात त्या फडकं धरून वाढवल्यात. घरात कुजबुज झाली, ती तुम्ही ऐकलीच नाही असं दाखवलंत.

दुसऱ्या दिवशी लिंबाएवढा फोड आला. खरं सांगते, मी सुई घेऊन बसले होते. "वरची कातडी हीच तुझी पट्टी. फोडलीस की जंतूंना दार उघडं," असं तुम्ही दटावलंत.

ड्रेसिंगला यायचात तेव्हा बोलता बोलता किती सांगितलंत! कातडीचा वरचा थर मेलेल्या पेशींचा, कौलांसारखा एकावर एक. खालून नव्या पेशी तयार होतात, साधारण महिनाभरात वर येतात आणि झडतात. न्हाताना आपण मळ म्हणून घासतो त्यात त्याच असतात. तुम्ही हातावरची लव निरखायचात तेव्हा मला हसू यायचं. केसाचं मूळ खोल असतं, वरचं भाजलं तरी ते वाचलं तर त्याच्या कडेने नवी कातडी पसरते, हे कळलं आणि हसू थांबलं. हीच लव मी लग्नाआधी पैसे देऊन काढून घेतली होती!

पुढे खाज सुटली तेव्हा आधी नखं कापायला लावलीत. बोटाच्या टोकाला जपणारं नख, पण त्याखालचा मळ जखमेत गेला की संपलं.

नवी कातडी गुलाबी आली. तिच्यात कातडीला रंग देणारं मेलानिन कमी, म्हणजे उन्हातली अतिनील किरणं अडवायला कुणी नाही, म्हणून पदर गुंडाळूनच शेतात जायचं, हेही तुमचंच. ४२ अंशांच्या उन्हात ते जिवावर आलं, पण ऐकलं. आता रंग परत भरत आलाय.

कालच कासाराकडून बांगड्या भरल्या. आणि हो, त्या दिवशीचा उरलेला चीक सासूबाईंनी वाया जाऊ दिला नव्हता. त्याच्या कुरडया डबाभर ठेवल्यात, सोमवारी उपकेंद्रावर घेऊन येते.

तुमची,
चिकवाली