ते पैसे कुटुंबाच्या हातात पडत नाहीत

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मध्यंतरी आपल्या पेपरात एक छोटी बातमी होती की ब्रिटनमध्ये अफगाण निर्वासितांना फुकट घर आणि माणशी २० हजार पाऊंड मिळतात. माझ्या भावाने साताऱ्याहून फोटो काढून पाठवली आणि विचारलं, ताई खरंच एवढे देतात का गं? मी १९ वर्षं इंग्लंडमध्ये राहते. काबूल पडल्यावर २०२१ च्या सप्टेंबरमध्ये आमच्या गावातल्या एका हॉटेलात अफगाण कुटुंबं आणून ठेवली तेव्हापासून मी तिथे मदतीला जायचे, हिंदी येतं म्हणून बोलावलं होतं, कारण त्यांच्यातले काहीजण पूर्वी पाकिस्तानात राहिलेले म्हणून उर्दू बोलायचे आणि बायकापोरींना आपल्या सीरियल बघून बघून हिंदी कळायचं. जे डोळ्यांनी बघितलं ते लिहिते.

पहिलं म्हणजे तो आकडा. तेव्हा सरकारने ठरवलेली रक्कम होती माणशी २०,५२० पाऊंड, पण ती ३ वर्षांत मिळून, पहिल्या वर्षी १०,५००, मग ६,०००, मग ४,०२०, आणि ती कौन्सिलला मिळते, कुटुंबाला नाही. कौन्सिल म्हणजे आपली नगरपालिकाच समजा, फक्त तिच्याकडे घरं, शाळा, समाजकल्याण सगळंच येतं. (आमच्याकडे तर घरं डिस्ट्रिक्ट कौन्सिलकडे आणि शाळा काउंटी कौन्सिलकडे, त्यामुळे एकाच पोराच्या कागदांसाठी दोन ऑफिसं.) या पैशातून कौन्सिल घर शोधते, पलंग, गाद्या, भांडी आणते, केसवर्करचा पगार देते. आणि तो केसवर्कर काय करतो म्हणाल तर डॉक्टरकडे नाव नोंदवणं, बँकेत खातं, युनिव्हर्सल क्रेडिटचा (कमी उत्पन्नवाल्यांना मिळणाऱ्या सरकारी भत्त्याचा) ऑनलाइन फॉर्म, शाळेत प्रवेश, बस कुठली, कचऱ्याचा कुठला डबा कुठल्या वारी बाहेर ठेवायचा, गॅसचं मीटर कसं भरायचं, सगळं. मोठ्यांच्या इंग्रजीच्या क्लाससाठी माणशी ८५० पाऊंड वेगळे होते. क्लासला जायला आईला वेळ कधी मिळणार, तान्ह्या बाळाला कोण बघणार, हे ज्या कौन्सिलने आधी विचारात घेतलं तिथल्या बायका आज बोलतात, जिथे नाही घेतलं तिथल्या अजून नवऱ्याला पुढे करतात.

आणि हे सगळं कौन्सिलांवर सक्तीचं नव्हतं हो! पुढे आल्या त्या स्वतःहून आल्या. काहींना २०१५ नंतर आलेल्या सीरियन कुटुंबांचा अनुभव होता, त्यांचं काम लगेच लक्षात यायचं.

खरी अडचण घराची. अफगाण कुटुंब म्हणजे आईबाप, ५-६ मुलं, कधी आजीपण, आणि इथे ४ बेडरूमचं भाड्याचं घर मिळणं महाकठीण. घरमालक गॅरेंटर मागायचा, नाहीतर ६ महिन्यांचं भाडं आगाऊ, कालपरवा आलेल्या माणसाला गॅरेंटर कोण होणार? त्यात सरकारी भाडे-मदतीची मर्यादा २०२० पासून २०२४ पर्यंत गोठवलेली आणि बाजारातलं भाडं वाढतच चाललेलं. म्हणून १२,००० च्या आसपास लोक हॉटेलात अडकले, काही आठवड्यांचं म्हणून आले ते दीड दोन वर्षं, निम्म्याहून जास्त मुलं, एका खोलीत चौघं पाच जण, स्वतःच्या हाताने चहासुद्धा करता येत नाही.

मग २०२३ च्या मार्चमध्ये सरकारने जाहीर केलं की हॉटेलं बंद, ३ महिन्यांची नोटीस, आणि घराची एकच ऑफर, ती नाकारली तर दुसरी नाही. आमच्या हॉटेलातली एक मुलगी, १५ वर्षांची, दीड वर्षात इंग्रजी शिकून जीसीएसईच्या (म्हणजे आपल्या दहावीसारख्या परीक्षेच्या) तयारीला लागलेली, तिच्या घरच्यांना दोन तासांवरचं दुसऱ्या कौन्सिलचं घर मिळालं. शाळा सुटली, मैत्रिणी सुटल्या. तिने माझ्या मुलाचं गणिताचं पुस्तक नेलं होतं ते जायच्या दिवशी प्लॅस्टिकच्या पिशवीत नीट गुंडाळून रिसेप्शनवर ठेवून गेली. मी ते घरी आणून खूप रडले. माझ्या आजीचं गाव कोयनेच्या पाण्यात गेलं, पुनर्वसन हा शब्द मी लहानपणापासून ऐकत आलेय आणि आजी म्हणजे मरेपर्यंत नव्या गावाला 'तिकडं' म्हणायची. त्यामुळे नुसती चावी दिली की पुनर्वसन झालं असं मला कोणी सांगू नये.

एक चांगली गोष्ट पण लिहायलाच हवी. केंद्र सरकारने कौन्सिलांना घरं विकत घ्यायला फंड दिला, आधी ५० कोटी पाऊंड, नंतर आणखी २५ कोटी. खर्चाचा साधारण ४० टक्के भाग सरकारचा, अफगाण कुटुंबांच्या मोठ्या घरांना जवळपास निम्मा, उरलेला कौन्सिलने उभा करायचा. ही घरं पुढे कौन्सिलचीच राहतात आणि नंतर इथल्याच बेघर लोकांना मिळतात. इंग्लंडमध्ये २०२३ मध्ये १ लाखाहून जास्त कुटुंबं तात्पुरत्या निवाऱ्यात होती, त्यामुळे 'आमच्या आधी त्यांना का' असं लोक विचारतात आणि त्यांचं दुखणं खोटं नाही, पण हा भाग कोणी त्यांना समजावूनच सांगत नाही. उलट लपवाछपवी. ब्रिटनला येण्यासाठी अर्ज केलेल्या जवळपास १९,००० अफगाणांची माहिती २०२२ मध्ये संरक्षण खात्याकडून फुटली आणि कोर्टाच्या आदेशामुळे ते २०२५ च्या जुलैपर्यंत कोणाला कळूच दिलं नाही. असं केल्यावर लोकांचा विश्वास कसा बसणार? आणि शिव्या कोणाला, तर त्या मुलांना आणि कौन्सिलच्या काउंटरवर बसलेल्या पोरीला.

त्याच महिन्यात नवे अर्ज घेणं बंद झालं, पण मंजूर झालेली कुटुंबं येतायत आणि आधी आलेल्यांची ३ वर्षं संपत आली किंवा संपली. केसवर्कर गेला की पुढचा फॉर्म कोण भरणार हे मला अजून कोणी सांगितलेलं नाही.

आपल्याला विनंती एवढीच की २०,५२० हा आकडा ३ वर्षांचा आहे आणि कौन्सिलचा आहे, तेवढं तरी दुरुस्त करून छापा. भावाला मी कळवलंच आहे.

आपली एक वाचक,
मूळ गाव पाटण तालुका, सध्या इंग्लंड