प्रशिक्षण सभागृहातून वर्गात आणा: शिक्षणमंत्र्यांना खुले पत्र

मा. शिक्षणमंत्री यांस,
स. न. वि. वि.

वर्गात तंत्रज्ञान कसे वापरावे हे शिक्षकांना शिकवणे आणि शिकवलेल्याचे पुढे वर्गात काय होते ते पाहणे, हे आमचे रोजचे काम. त्या कामातून निघालेली एकच मागणी आपल्यापुढे ठेवतो आहोत. किती शिक्षकांना प्रशिक्षण 'दिले' हे मोजणे थांबवा; त्या शिक्षकांनी वर्गात किती पाठ घेतले ते मोजा.

सध्याचा साचा आपल्याला ठाऊक आहेच. दोनशे शिक्षक, एक सभागृह, मोठा पडदा, आणि साधनव्यक्तींची स्लाइडमागून स्लाइड. दोन दिवसांत बारा-पंधरा अ‍ॅप दाखवून होतात आणि पासवर्ड विसरलेल्यांची रांग लागते. प्रशिक्षण ऑनलाइन असेल तर चित्रफीत एका कोपऱ्यात चालू राहते, चाचणीची उत्तरे ग्रुपवर फिरतात आणि प्रमाणपत्र हातात पडते. सोमवारी शिक्षक वर्गात जातो तो खडू घेऊनच. याला आळस म्हणून मोकळे होणे सोपे आहे. पण त्यामागे साधा हिशेब असतो.

तासिका ३५ मिनिटांची. कपाटाची किल्ली मिळवायची, जोडण्या करायच्या, प्रोजेक्टरचा दिवा पुरता उजळेपर्यंत थांबायचे. मग पडद्यावर निळा चौकोन आणि 'नो सिग्नल'. एक तर प्रोजेक्टरचा सोर्स (चित्र कुठल्या जोडणीवरून घ्यायचे ती निवड) चुकीचा असतो, नाही तर लॅपटॉप चित्र बाहेर पाठवतच नसतो. विंडोज आणि पी ही बटणे एकत्र दाबून 'डुप्लिकेट' निवडले की काम होते. चित्र येते, पण आवाज येत नाही. कारण एचडीएमआय केबल लावताच लॅपटॉपने आवाजही प्रोजेक्टरकडे वळवलेला असतो, आणि त्याचा स्पीकर पहिल्या बाकापुरताच. तेवढ्यात लॅपटॉपला अपडेटची आठवण होते. दहा मिनिटे गेली, वर्गही हातचा गेला. असे दोनदा झाले की तिसऱ्यांदा कोणी कपाट उघडत नाही.

हे सगळे एका तासात शिकवता येते, फक्त उलटे शिकवावे लागते. केबल मुद्दाम सैल ठेवा, सोर्स बदला, आवाज भलतीकडे वळवा आणि शिक्षकाला सांगा: तीन मिनिटांत सुरू करून दाखवा. ज्याने बिघाड स्वतःच्या हाताने काढला तो पुढे घाबरत नाही. आणि हा सराव त्याच्या शाळेत आहे त्याच मॉडेलवर हवा. सभागृहातल्या नव्याकोऱ्या लॅपटॉपवर शिकलेले शाळेतल्या जुन्या यंत्रावर चालत नाही. बटणांच्या जागासुद्धा वेगळ्या असतात.

आणखी एक क्षुल्लक वाटणारी गोष्ट: खडूची धूळ. ती प्रोजेक्टरच्या जाळीत बसते, हवा आत जाईनाशी होते, तापमानाचा दिवा लुकलुकतो आणि ऐन पाठात यंत्र बंद पडते. शाळा म्हणते 'खराब झाला', आणि तो कपाटात जातो. जाळी महिन्यातून एकदा मऊ ब्रशने झाडणे आणि दिव्याच्या प्रोजेक्टरचा पंखा थांबेपर्यंत प्लग न काढणे, एवढ्याने कितीतरी यंत्रे वाचतील.

खरेदीबद्दलही थोडे. चित्राच्या उंचीच्या सहापटीपेक्षा लांब बसलेल्या मुलाला बारीक मजकूर नीट वाचता येत नाही, असा दृक्‌श्राव्य क्षेत्रातला जुना ठोकताळा आहे. ६५ इंची पॅनेलची (भिंतीवरच्या टीव्हीसारख्या पडद्याची) उंची साधारण ३२ इंच, म्हणजे त्याची मजल १६ फूट. ७५ इंचीची १८ फुटांच्या आसपास, ८६ इंचीची २१. शेवटचा बाक २४ फुटांवर असेल तर यातले कुठलेच पुरत नाही. चार फूट उंचीचे चित्र पाडणारा प्रोजेक्टर, पडदे ओढलेल्या खिडक्या आणि स्लाइडवर मोठी अक्षरे लागतात. निविदेच्या कागदावर वर्गखोलीची लांबी आम्हाला क्वचितच दिसते. शिक्षकाला हा गुणाकार शिकवला तर तो निदान एका स्लाइडवर चौदा ओळी कोंबणार नाही.

पण यंत्र चालू करता येणे ही फक्त उंबरठ्यापर्यंतची मजल. शिक्षकांच्या तंत्रज्ञान-वापराबद्दलच्या युनेस्कोच्या २०१८ च्या क्षमता-आराखड्यात सहा बाजू आणि १८ क्षमता आहेत; डिजिटल कौशल्ये ही त्या सहांतली एक. अध्यापनपद्धती, अभ्यासक्रम व मूल्यमापन यांच्या बाजू वेगळ्या आहेत. आपल्या प्रशिक्षणांचा जवळजवळ सगळा वेळ मात्र त्या एकीवरच खर्च होतो.

फरक कुठे पडतो ते एका पाठावरून पाहा. विषय विद्युत परिपथ. कोलोरॅडो विद्यापीठाचे फेट हे मोफत सिम्युलेशन, म्हणजे पडद्यावरचा आभासी प्रयोग, एकदा उतरवून घेतले की इंटरनेटशिवाय चालते. शिक्षक पडद्यावर बॅटरी आणि दोन दिवे एकसर (एकापुढे एक) जोडतो, दिवे लागतात, मुले टाळ्या वाजवतात. पाठ संपला, शिकणे शून्य. तोच पाठ दुसऱ्या प्रकारे घ्या. परिपथ जोडायचा, पण स्विच उघडा ठेवायचा. प्रश्न विचारायचा: पहिल्या दिव्यातून गेल्यावर दुसऱ्यापर्यंत विद्युतधारा कमी पोहोचेल, तितकीच, की जास्त? प्रत्येकाने अंदाज आणि कारण वहीत लिहायचे, पेनाने. बरीच मुले 'कमी' लिहितात, कारण दिवा धारा 'खातो' अशी त्यांची पक्की समजूत असते. मग स्विच दाबून परिपथ पूर्ण करायचा आणि धारा मोजणारा अ‍ॅमीटर पहिल्या दिव्याच्या आधी, दोन दिव्यांच्या मध्ये व शेवटी लावून दाखवायचा. बॅटरी ९ व्होल्टची आणि दिवे १०-१० ओहमचे ठेवले तर तिन्ही ठिकाणी ०.४५ अँपिअर. वर्गात जी कुजबुज सुरू होते तिथून पाठ सुरू होतो. यंत्र तेच, सिम्युलेशन तेच; बदलली ती स्विच दाबण्याची वेळ. प्रशिक्षणात सराव व्हायला हवा तो या वेळेचा. (खरे सेल आणि बल्ब आधी हाताळू द्यावेत हेही सांगायला हवे, सिम्युलेशनमधली बॅटरी फार गुणी असते, खरी तशी नसते.)

ज्या शाळेत एकच फोन आहे तिथेही करण्यासारखे पुष्कळ आहे. चार बाजूंना चार पर्याय असलेली छापील संकेत-कार्डे मुलांनी आपल्या उत्तराची बाजू वर करून धरायची, शिक्षकाने फोनचा कॅमेरा वर्गावरून फिरवायचा, कोणाचे काय उत्तर ते फोनवरच्या अ‍ॅपमधून कळते. पुढे काय करायचे हे मात्र अ‍ॅप सांगत नाही. हार्वर्डचे भौतिकशास्त्रज्ञ एरिक माझूर यांच्या पद्धतीत साधारण ३० ते ७० टक्के उत्तरे बरोबर असतील तर मुलांना आपसांत वाद घालू देतात आणि पुन्हा विचारतात; त्याहून कमी असतील तर मुद्दा नव्याने शिकवतात, जास्त असतील तर पुढे सरकतात. हा निर्णय घेता येणे हेच खरे कौशल्य, आणि ते स्लाइड पाहून येत नाही.

म्हणून आमचा आराखडा असा. सभागृहात जास्तीत जास्त दोन दिवस. तिथून निघताना प्रत्येक शिक्षकाकडे पुढच्या पंधरवड्यात शिकवायचाच असलेला एक पाठ तयार हवा, आणि तो आठ-दहा सहकाऱ्यांसमोर पंधरा मिनिटे घेऊन झालेला हवा. त्यानंतरच्या सहा आठवड्यांत मार्गदर्शक दोनदा त्याच्या वर्गात येईल. दर वेळी एक पूर्ण तासिका बघेल, नंतर वीस मिनिटे बोलेल. गुण नाहीत, शेरा नाही, वरिष्ठांना अहवालही नाही. दिवसाला दोन वर्ग, आठवड्याचे चार दिवस धरले तर एक मार्गदर्शक तीन आठवड्यांत २४ शिक्षक पाहतो आणि सहा आठवड्यांत प्रत्येकाकडे दोनदा जातो. एका मार्गदर्शकावर याहून जास्त शिक्षक टाकले की भेटी फक्त कागदावर होतात.

हे महाग पडेल, असे आपल्याला सांगितले जाईल. स्वस्तातले काय होते तेही पाहावे. पेरूमध्ये 'प्रत्येक मुलाला लॅपटॉप' योजनेत विद्यार्थ्यामागे संगणकांचे प्रमाण ०.१२ वरून १.१८ वर गेले. आंतर-अमेरिकी विकास बँकेच्या २०१२ च्या अभ्यासात गणित आणि भाषेच्या गुणांवर त्याचा परिणाम आढळला नाही. उपकरणांसाठी ठेवलेल्या दर शंभरातले तीस प्रशिक्षण व वर्गभेटींना आणि दहा देखभालीला आधीच बाजूला काढावेत, अशी आमची विनंती आहे. उरलेल्यातून म्हटले की उरत काहीच नाही.

कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनांचे वेगळे प्रशिक्षण एवढ्यात नको. या साधनांनी तयार केलेल्या प्रश्नपत्रिकेतली चुकीची उत्तरे ओळखणे आणि मुलांची नावे, फोटो किंवा पालकांचे क्रमांक कुठल्याही मोफत अ‍ॅपमध्ये न भरणे, एवढे सध्याच्याच प्रशिक्षणात बसते.

एक काम मात्र पैशाशिवाय होण्यासारखे आहे. 'मोडले तर भरपाई तुमच्या पगारातून' ही भीती पुष्कळ शाळांत यंत्रांना कुलूप लावते. नेहमीच्या वापरात उपकरण बिघडल्यास शिक्षक किंवा मुख्याध्यापक यांच्यावर वसुली होणार नाही, असे एका पानाचे परिपत्रक काढावे. त्यात प्रोजेक्टरच्या रिमोटचा उल्लेख नावाने करावा. सर्वांत आधी हरवतो तो तोच, आणि हरवण्याच्याच धास्तीने तो मुख्याध्यापकांच्या कपाटात असतो.

कळावे,
आपले,
शिक्षक-प्रशिक्षणाचे काम करणारे आम्ही काही जण